साध्या गाठीवरची गोळी

भिसेगावची येसूबाई १९७८च्या लावणीत चिखलातून बांधावर आली, तेव्हा तिच्या डाव्या पायात काटा रुतून रक्त वाहत होतं. तिला पत्ताच नव्हता, पाय बधिर झाला होता. मुंबईच्या इस्पितळात मणक्यात गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, साधी. गाठ काढली आणि येसूबाई पुन्हा शेतात उभी राहिली. पाच वर्षांनी गाठ तिथंच परत आली, परत काढली. शहाऐंशी साली पाय तिसऱ्यांदा जड झाले.

"साधी म्हंता, मंग परत परत कशी येते?" तिनं सर्जनला विचारलं.

"कुठं पसरत नाही म्हणून साधी. पण मूळ चिकटून राहतं. आता पुन्हा कापलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. एक गोळी आहे, स्तनाच्या कर्करोगावरची. अशा गाठींवर सध्या देऊन बघताहेत. गाठ विरघळणार नाही. वाढ थांबली तर थांबेल. खात्री देत नाही."

"कापूनच टाका एकदाची," नवरा गोमा म्हणाला.

"पाय माजे हायेत," येसूबाई म्हणाली. "गोळी द्या."

कर्जतच्या डॉक्टर चारुलताबाई दर महिन्याला टाचणी टोचून तिचे तळवे तपासत. गोळीनं अंगातून वाफा निघत, रात्री लुगडं घामानं भिजे. त्यात गोळी कर्करोगाची आहे हे घरात कळलं आणि जाऊ गोदानं तिचा तांब्या वेगळा ठेवला. येसूबाईनं गुपचूप गोळ्या बंद केल्या, ती दवाखान्यातही जाईना.

शेवटी चारुलताबाईच घरी आल्या.

"वाफा सोसंन, बाई. ह्ये सोसवत नाय," तांब्याकडे बोट करून ती म्हणाली.

बाई तोच तांब्या उचलून पाणी प्यायल्या. "अगं गोदा, हिला कर्करोग नाही. आणि असता तरी पाण्यातून लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी गोदाच आणून देऊ लागली.

दोन वर्षांनी मणक्याच्या फोटोत गाठ तेवढीच दिसली. गोळीनं थांबली की आपणहून, हे सर्जनलाही सांगता येईना. डावा पाय थोडा ओढतोच. येसूबाई आता लावणीला उतरत नाही. लाकडी पाटावर बसून लावणीची रोपं उपटते, त्यांच्या मूठमूठभर जुड्या बांधते. गोमा उठवायला आला, की म्हणते, "तू जा रं, माजं आजून उरकलं नाय."