देवाच्या नावाची बाटली

स्वाती पोंभुर्ण्याच्या एका प्रयोगशाळेत सर्पगंधेची मुळं पिकवते. झाड नाही, माती नाही. काचेच्या बाटलीत साखरपाणी आणि त्यात पानाच्या तुकड्यातून फुटून तरंगणारी नुसती मुळं. त्यांतून रक्तदाबाचं औषध निघतं. तिच्या गावात मात्र 'लालसू वैदूची पोरगी बाटल्या सांभाळते' एवढंच पोचलं आणि तिची दोन स्थळं मोडली.

यंदा मुळं वाढली, पण औषध उतरेना. "जंगलातलं दमदार झाड आण, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप," तिचे साहेब निकेश सर यांनी सांगून टाकलं. असं झाड कुठे आहे ते फक्त तिच्या बाला, लालसूला ठाऊक. आणि लालसू पिवळे तांदूळ टाकून झाडाला न्योता, म्हणजे आमंत्रण, दिल्याशिवाय त्याचं पान तोडत नाही.

झाड कुंडीत बसून प्रयोगशाळेत आलं. कुंडी लालसूच्या काखेत.

"पान इथी कापणार ना? मंग न्योता इथीबी द्या लागते."

"बा, इथी तांदूळ नाई चालत. बुरशी येते."

"तुह्या सायबाले आत घेतलं, ते चालते?"

टोपी-मास्कातले सर पुढे आले. "काका, आत सगळं निर्जंतुक लागतं."

"मंग करा ना तांदूळ निर्जंतुक."

स्वातीने तांदूळ ऑटोक्लेव्हमध्ये घातले. तो म्हणजे डिग्री घेतलेला कुकरच. बाहेर आला मऊ पिवळा भात. लालसूने तो बोटाने चाचपला.

"न्योता द्याचा का जेवू घालाचं?" म्हणत तो कुंडीसकट दाराकडे निघाला.

कुंडीमागून आपली नोकरीही चालली, हे स्वातीला दिसलं. ती दारात आडवी आली.

"बा, एक बाटली देवाची. तिच्यात टाक कच्चे तांदूळ. बाकीच्याले हात नाई लावाचा."

सरांनी तोंड उघडलं. स्वातीने त्यांचा मास्क वर सरकवला. "एकच हाय, सर."

लालसूने देवाच्या बाटलीत कच्चे तांदूळ टाकले आणि पानाचे तुकडे बाटल्यांत गेले. चार दिवसांत देवाची बाटली काळ्या-हिरव्या बुरशीने गच्च भरली. सर बोंबलणार, तोच लालसू समाधानाने म्हणाला, "घेतला त्यानं आपला वाटा. आता बाकीच्याकडे पाहात नाई तो."

बाकीच्या बाटल्यांत पांढरीशुभ्र मुळं फुटली. पुढे तपासणीत औषधही चांगलं उतरलं. कुलपाचा विषय मिटला.

आता प्रत्येक खेपेला सरच हळूच विचारतात, "देवाची भरली का?" पाहुण्यांसमोर मात्र तिला तुलनेसाठी ठेवलेली 'कंट्रोल' बाटली म्हणायचं, अशी ताकीद आहे.