टाळ्यांसाठी मारलेला भाऊ

लोक त्याला ‘सर’ म्हणायचे. शिकवलं त्याने कधी कुणाला नव्हतं. आधी तो दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा आणि तेही धड खपायचे नाहीत. एकदा विक्रेत्यांच्या मेळाव्यात ठरलेला वक्ता आलाच नाही, म्हणून वेळ मारून न्यायला ह्याला उभं केलं. ह्याने आपली रडकथा सांगितली: बेकार होतो, थोरला भाऊ म्हणाला, ‘नुसता लोळू नकोस, हातपाय हलव.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं! गड्याला चटक लागली.

पुढे भाषणागणिक दादा बिघडत गेला. टाळी फिकी पडली की दादाच्या तोंडी आणखी एक कडू वाक्य जायचं. दादाने ताट ओढून घेतलं, दादाने भर पावसात घराबाहेर काढलं. एका सभेत लोक फारच पेंगायला लागले, तेव्हा ह्याने दादाला मारूनच टाकलं. ‘मी यशस्वी झालो, पण ते बघायला दादा राहिला नाही!’ लोक डोळे पुसू लागले. तेव्हापासून बिचारा दादा दर कार्यक्रमात मरत होता.

खरा दादा ठणठणीत होता. त्याचा जुना कारखाना बंद पडल्याचं आईने फोनवर सांगितलं होतं. नवी नोकरी कुठे लागली, हे विचारायला मात्र सरांना फुरसत झाली नव्हती.

त्या दिवशी कार्यक्रम साबणाच्या कारखान्यात होता. कॅंटीनमधली टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, “सर, भावाची गोष्ट हवीच हं. मागे ऐकली तेव्हा मी रडलो होतो.”

ह्याने माइक हातात घेतला आणि तिसऱ्या रांगेत ह्याला दादा दिसला. निळ्या गणवेशात, शेजाऱ्याला कोपराने ढोसत, ‘माझा धाकटा’ असं कौतुकाने सांगत असलेला.

 गोष्ट टाळून हा वेळेच्या नियोजनावर बोलला, ध्येयावर बोलला, इकडून तिकडे फिरला, तीनदा पाणी प्यायला. मॅनेजर लांबून खुणा करत होता: गोष्ट, गोष्ट! शेवटी मॅनेजरला राहवेना. “सर संकोच करताहेत, मीच सांगतो,” म्हणत त्याने माइक घेतला आणि ताट, पाऊस, मरण, सगळं रंगवून सांगितलं. दादाचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेजारी आता दादाकडेच बघत होता.

ह्याने माइक ओढून घेतला. “खोटं आहे ते. माझा दादा जिवंत आहे, तो बघा, तिथे बसलाय. त्याने मला कधीच हाकललं नाही.”

 टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. “काय कमाल केलीत, सर!” मॅनेजर नाक पुसत म्हणाला. आजवरची सगळ्यात मोठी टाळी होती ती. ती ऐकून ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी आली.

लोकांनी दादाला ढकलत ढकलत व्यासपीठावर आणलं. दादा ओशाळून सगळ्यांकडे बघून हसला. मग त्या गलक्यात धाकट्याच्या कानाशी वाकला.

“आई रोज विचारते, आपला बाळू लोकांना काय सांगतो रे? आज मुद्दाम नीट ऐकून ये म्हणाली,” दादा म्हणाला. “घरी जाऊन काय सांगू तिला?”