पथक आलं, मोटारी काढा

आवडाबाईचा आवाज मोठा आहे. समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशीही ती दोन शेतं ओलांडून बोलल्यासारखी बोलते. यात तिचा काही दोष नाही. फुलंब्रीच्या बाजूच्या माळावर तिनं चाळीस वर्षं मेंढरं वळली, आणि बारीक आवाजाला मेंढरू मान वर करून बघतसुद्धा नाही. पुढं माळावर प्लॉट पडले, गावाची विहीर आटली, मेंढरं गेली. मुलगा सोमनाथ वाळूजच्या कंपनीत लागला आणि त्यानं शहराच्या कडेला, हर्सूलच्या पुढं, गुंठेवारीतलं दोन खोल्यांचं घर घेतलं. गल्ली नंबर चार, प्लॉट नंबर एक्केचाळीस. म्हणजे गल्लीचं अगदी शेवटचं टोक.

नवरा त्रिंबक तीन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याचं सगळं जागेवर. दिवसातून दोनदा धुवायचं, चादरी बदलायच्या, पाठ कोरडी ठेवायची. डॉक्टरनं आवडाबाईला बजावून सांगितलं होतं की पाठीला एकदा जखम झाली की ती लवकर बरी होत नाही, तेव्हा पाणी कमी करू नका. डॉक्टरला सांगायला काय जातं? पाणी आठव्या दिवशी यायचं, कधी नवव्या.

आणि ते यायचं कुणाला, तर गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नानासाहेबांना. ही सगळी कॉलनी त्यांच्याच शेतात पडलेली. शेत विकून बंगला बांधला, तरी गल्लीला ते अजून आपल्या शेताचा बांधच समजत होते. पाणी सोडणारा फकिरा व्हॉल्व्ह फिरवायचा, नानासाहेबांची दीड हॉर्सपॉवरची मोटार थेट लाइनला लागायची, मग दोन नंबरची, मग तीनची. नळाला मोटार लावणं गुन्हा आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाकडं मोटार होती. सोमनाथनंही एक टिल्लू पंप आणून बघितला. शेवटच्या टोकाला ओढायला पाणीच नव्हतं. पंपानं तासभर हवा ओढली आणि जळून गेला. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं, पाण्याचा वेळ निम्म्यावर आला, आणि एक्केचाळीस नंबरच्या नळाला फुसफुस हवेपलीकडं काही येईना. टँकर यायचे ते हौदवाल्यांकडं. दोन ड्रमांसाठी टँकर कोण पाठवतो?

सत्यशीला तेवढी एक माणूस निघाली. एकोणचाळीस नंबरची, आवडाबाईपेक्षा वीस वर्षांनी लहान. तिच्या मोटारीला जेवढं मिळायचं त्यातले दोन हंडे ती न मागता आणून ठेवायची. पण दोन हंड्यांत चौघांचं पिणं-रांधणं भागायचं. त्रिंबकची पाठ आवडाबाई ओल्या फडक्यानं पुसत होती, आणि मे महिन्यात त्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग दिसायला लागला.

गल्लीचं सगळं जगणं एव्हाना फोनमध्ये गेलं होतं. ‘आपली गल्ली’ नावाचं ॲप होतं, त्यात घरागणिक एक खातं, आणि सगळ्यांवर प्रमुख म्हणून नानासाहेब. सकाळी सकाळी ते ‘पाणी हेच जीवन, थेंब थेंब वाचवा’ असं टाकायचे. फोटोत मागं त्यांचं हिरवंगार लॉन. बाकीचे एकमेकांवर नजर ठेवायचे. एक्केचाळीस नंबरची शेळी कुणाच्या जास्वंदीत शिरली, त्याचा फोटो. एकदा तर त्रिंबकची चादर भिंतीवर वाळत घातली होती तिचा फोटो आला, खाली लिहिलेलं : ‘अशानं कॉलनीचं स्टँडर्ड राहणार का?’ त्यावर बावीस अंगठे. सून संस्कृतीनं ते आवडाबाईला वाचून दाखवलं. मात्र चादर तिनं काढली नाही, उलट दुसरी आणून तिच्या शेजारी टाकली.

त्याच ॲपमध्ये एक लाल घंटा होती. साप निघाला, आग लागली, चोर आला, तर ती दाबायची. मग गल्लीतले सगळे फोन एकदम वाजायचे. पाहिजे तर नाव लपवायचीही सोय होती, म्हणजे चोराला कळू नये कोणी सांगितलं ते.

एका पाण्याच्या दिवशी मोठ्या रस्त्यावरून पाणीपुरवठ्याची जीप गेली आणि कुणीतरी घाबरून घंटा दाबली : ‘मोटार जप्तीचं पथक आलंय.’ जीप कुठं दुसरीकडंच निघाली होती. पण पाच मिनिटांत गल्लीतली भुणभुण थांबली. चाळीस घरांनी मोटारी काढून पलंगाखाली सरकवल्या. आणि एक्केचाळीस नंबरच्या कोरड्या नळातून आधी हवा, मग गढूळ चूळ आणि मग मनगटाएवढी धार धाडकन ड्रममध्ये पडली.

आवडाबाई त्या धारेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “संस्कृती, ती घंटा तुला वाजविता येती का?”

“येते आत्या. पण खोटं सांगायचं म्हणजे...”

“आन् त्यांच्या मोटारी खऱ्या हायेत का?”

पुढच्या पाण्याला संस्कृतीनं नाव लपवून घंटा दाबली. अर्धा तास धार पडली. त्याच्या पुढच्या पाण्यालाही. रोज सकाळी त्रिंबकची पाठ साबणानं धुतली जाऊ लागली आणि डाग फिका पडत चालला. कुणाला फसवल्याचं वाईट आवडाबाईला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती. दारात उभं राहून, चाळीस घरांतले शहाणेसुरते लोक मोटारी उराशी धरून आत पळताना ती बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

तिसऱ्या वेळी घोटाळा झाला. संस्कृती घरी ब्लाउज शिवायची. त्या दिवशी ती छावणीतल्या दुकानात शिवलेला माल द्यायला गेली आणि फकिरानं पाणी नेमकं दोन तास आधी सोडलं. फोन घरीच होता. घंटा कुठं आहे, नाव लपवायची खूण कुठली, हे आवडाबाईनं बघून ठेवलं होतं. लिहिता येत नव्हतं, पण बोलायची सोय होती. तिनं नाव नीट लपवलं, घंटा दाबली आणि बोलली.

तातडीची सूचना बोलून दिली तर ती फोनमधून आपोआप वाजते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. फोन तोंडाजवळ धरून हळू बोलायचं असतं, हेही नाही.

“पथक आलं रं! मोटारी काढा! बिगी बिगी काढा!”

गल्लीतल्या चाळीस घरांतून, स्वयंपाकघरांतून, गच्च्यांवरून, नानासाहेबांच्या झोपाळ्यावरून आवडाबाईचाच आवाज तिला परत ऐकू आला. नाव तेवढं कुठंच नव्हतं.

मोटारी बंद झाल्या नाहीत. दोन मिनिटं नुसती भुणभुण चालू राहिली, आणि मग ॲपवर दंगल सुरू झाली. ‘म्हणजे इतके दिवस हीच!’ ‘आम्हाला काय मेंढरं समजली?’ ‘माळावरची सवय, इथंही हाकायला निघाली.’ ‘गुन्हा दाखल करा.’ ‘अशा लोकांना प्लॉट विकणाऱ्यांनाच आधी विचारा.’ एकट्या सत्यशीलानं लिहिलं की घरात आजारी माणूस आहे, जरा समजून घ्या. तिलाही चौघांनी झोडपलं.

संध्याकाळी नानासाहेब स्वतः आले. मागं आठ-दहा जण, कुणाकुणाचे फोन वर धरलेले.

“आवडाबाई, लाज वाटते का काही? सरकारी पथकाच्या नावानं खोट्या अफवा?”

“लाज?” आवडाबाई उंबऱ्यात उभी राहिली. “तुमचं गवत पानी पितंय, आन् मपल्या माणसाची पाठ सडून ऱ्हायली. लाज मलाच वाटावी व्हय? घ्या, काढा फोटू. चादरीचा काढला ना? आता पाठीचा काढा. या की घरात!”

कुणी आत गेलं नाही. नानासाहेब लाल झाले. “तोंड सांभाळा. तुमचं नळाचं कनेक्शन तरी कायदेशीर आहे का? बघतोच आता.”

“बगा ना. नाय कोन म्हनतंय?”

त्या रात्री एक्केचाळीस नंबरचं खातं बंद करायचं का यावर मतं मागवली गेली. छत्तीस हो, एक नाही. पण खातं बंद केलं तर ती काय वाचते, काय करते हे कळणार नाही, म्हणून नानासाहेबांनी ते चालू ठेवलं. शिव्या पोचाव्यात हाही हेतू असावा. सत्यशीलाचे दोन हंडे येत राहिले, मात्र आता ते मागच्या दारानं. त्रिंबकच्या पाठीवरचा डाग आठ दिवसांत फुटला. आवडाबाईनं जखमेला मलम लावलं आणि मनातल्या मनात गल्लीतल्या एकेका घराला नाव घेऊन तळतळाट दिले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी दहाला फकिरानं व्हॉल्व्ह फिरवला, मोटारी भुणभुणू लागल्या, आणि सव्वादहाला पाणीपुरवठ्याची जीप गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. कुणीतरी घंटा दाबली : ‘पथक आलंय, खरंच आलंय.’ त्याखाली हसरी तोंडं पडली. ‘मावशी, आज आवाज नाही का?’

जीपमधून उतरलेल्या अधिकाऱ्याच्या हातात कागद होता. त्यानं एक्केचाळीस नंबर कुठं म्हणून विचारलं, आणि विचारता विचारता नानासाहेबांच्या फाटकाशी थबकला. आत मोटार चालू होती; पथक आपल्या फाटकाशी थांबेल असं नानासाहेबांना वाटलंच नव्हतं. “तुम्ही हे घ्या, मी तो कागद बघून येतो,” असं बरोबरच्या माणसांना सांगून तो गल्लीच्या टोकाला चालत गेला.

आवडाबाईच्या घरात मोटार नव्हती. संस्कृतीनं पेटीतून नळजोडणीची पावती काढली, गुंठेवारीचा कागद काढला. अधिकाऱ्यानं बघितलं, परत दिलं. “तुमचं सगळं बरोबर आहे. तक्रार आली होती म्हणून यावं लागलं.” त्यानं तक्रारीचा अर्ज पुढं केला. बेकायदा कनेक्शन, पाण्याच्या दिवशीच येऊन तपासावं, म्हणजे रंगेहाथ सापडेल. खाली सही नानासाहेबांची. संस्कृतीनं विचारून त्याचा फोटो घेतला.

परत जाताना पथकानं एकोणतीस मोटारी उचलल्या. नानासाहेबांची पहिली. सत्यशीलाचीही गेली.

अकरा वाजता एक्केचाळीस नंबरच्या नळाला अशी धार लागली की पहिला ड्रम पंधरा मिनिटांत भरला. दोघींनी त्रिंबकला खाटेवरून उचललं, न्हाणीत पाटावर बसवलं, आणि आवडाबाईनं त्याच्या डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओतायला सुरुवात केली. फडक्यानं पुसणं नाही, चांगली डोक्यावरून आंघोळ. मार्चनंतरची पहिली. त्रिंबक डोळे मिटून, तोंड वर करून बसला होता.

फोन सारखा वाजत होता. “सगळे म्हणतायत तुम्हीच पथक बोलावलं,” संस्कृती म्हणाली. “काय काय लिहितायत आत्या, वाचवत नाही. टाकू का नानासाहेबांच्या सहीचा फोटो? आत्ता तोंडं बंद होतील.”

आवडाबाई तांब्या हातात धरून थांबली. तिचा हात शिवशिवला. त्या म्हाताऱ्याची सही सगळ्या गल्लीला दाखवायची, आणि मग दारात उभं राहून मजा बघायची! पण ती मेंढरांमागं चाळीस वर्षं फिरलेली बाई होती, कळप कशानं हटतो हे तिला ठाऊक होतं. फोटो टाकला तर गल्ली दोन दिवस नानासाहेबांशी भांडेल. तिसऱ्या दिवशी चहा होईल. नानासाहेब जन्मात पुन्हा पथक बोलावणार नाहीत, हे सगळ्यांना कळेल, आणि आठव्या दिवशी लाइनवर नव्या मोटारी बसतील.

“पुसून टाक तो फोटू,” ती म्हणाली.

“आत्या!”

“पूस म्हनते ना. आन् लिही. नाव लपवू नको. लिही, व्हय, म्याच बोलावलं. पुढच्या पान्यालाबी बोलावीन. ज्याला मोटार लावायची त्यानं लावून बगावी.”

संस्कृतीनं लिहिलं. मग फोन वाजायचा थांबेचना. नानासाहेबांनी त्यावर एक अक्षर लिहिलं नाही.

थोड्या वेळानं दारात सत्यशीला उभी राहिली. डोळे लाल झालेले. “मावशी, मी त्या सगळ्यांशी भांडले. म्हणाले, मावशी असं करणार नाहीत. तुम्ही नुसतं नाही म्हणा. माझा विश्वास बसेल.”

संस्कृतीनं सासूकडं बघितलं. नाही म्हणायला एकच शब्द लागत होता, आणि तो खरा होता. पण सत्यशीला तो गल्लीला सांगितल्याशिवाय राहिली नसती. तिच्यासाठी पुन्हा भांडली असती, आणि भीती गेली की मोटारी पुन्हा बसल्या असत्या.

“व्हय बाई. म्याच बोलावलं,” आवडाबाई म्हणाली. एवढंच तिला हळू बोलता आलं.

सत्यशीलाची नजर कोपऱ्यातल्या हंड्यावर गेली. मग म्हणाली, “आमचा हंडा तुमच्याकडं राहिलाय.”

आवडाबाईनं हंडा रिकामा केला, आतून-बाहेरून विसळला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला. सत्यशीला मागच्या दाराकडं न वळता समोरूनच, सगळ्या गल्लीच्या देखत, हंडा घेऊन निघून गेली. आवडाबाईला रडू आलं, आणि तिनं ते अडवलं नाही. मग ती न्हाणीत गेली. त्रिंबक पाटावर तसाच बसून होता, नळ चालू होता आणि दुसरा ड्रम अजून अर्धा भरायचा होता.