बळंच न वाढलेली जिलेबी

एका शब्दावर काही लिहावं एवढं माझं शिक्षण नाही. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, तोही अजून दुसऱ्या वर्षाला. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शब्द आहे 'बळंच'. पुस्तकात तो 'बळेच' असतो. बळ लावून, मनाविरुद्ध, असा त्याचा अर्थ. आमच्या कुरुंद्याकडे मात्र हा शब्द राहतो पंगतीत. पाहुणा ताटावर हात आडवा धरून 'बास' म्हणतो, वाढणारा त्या हातावरूनच जिलेबी सोडतो, आणि पाहुणा 'बळंच वाढलं' अशी तक्रार करत ती खुशीत खातो. 'जबरदस्ती' हा फारसी शब्द, जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात, असं सरांनी सांगितलं तेव्हा मला ही पंगतच दिसली. वर्गात मी एकटाच हसलो.

यंदा शेतातली हळद निघाल्यावर ताईला पाहायला पाहुणे आले. पोरगा औंढ्याचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. ताईला तो पसंत पडला होता, तिनं मला चुलीपाशी हळूच सांगितलं. पाहुण्यांना पोरीची वागणूक दिसावी म्हणून आत्यानं जिलेबीची परात मुद्दाम तिच्याच हाती दिली.

पोरगा 'बास' म्हणाला, ताई पुढं सरकली. त्याचे वडील 'बास' म्हणाले, तिनं त्यांनाही वगळलं. परात भरलेली आत आली. पाहुणे हात धुऊन उठले आणि आत्या मटकन खाली बसली. आग्रह केला नाही म्हणजे सोयरीक नको, असाच आमच्यात अर्थ निघतो.

"बास म्हनलं की बास असतंय का गं येडे?" आत्या म्हणाली.

"ते न्हाई म्हनले. मी काहून बळंच वाढू?" एवढं बोलता बोलता ताईचे डोळे भरले.

उरलेली जिलेबी आम्हीच संपवली. कुणी कुणाला आग्रह केला नाही. मग औंढ्याहून निरोपच येईना. फोन वाजला की ताई हातातलं काम टाकून पळायची आणि रिचार्जची बाई बोलून जायची. आत्याचे टोमणे चालूच होते. शेवटी मी कॉलेजासाठी हिंगोलीला परतलो.

काल डेपोत बसमधून उतरतो तोच आईचा फोन. तिला हसू आवरेना, मला काही कळेना. पोरानं घरी सांगितलं होतं म्हणे, की जिथं जावं तिथं बळंच खाऊ घातलं, या एकाच घरात माझं 'न्हाई' ऐकलं, मला हीच पोरगी करायची. मी भर डेपोत नाचायचाच बाकी होतो.

"आन त्याचे वडील?" मी भीत भीत विचारलं.

"ते रविवारी येऊन राहिले सुपारी फोडायला. म्हनले, पोराचं ठीक हाय, पन मी उपाशी उठलो व्हतो. या टायमाला मला बळंच वाढा."