गणपतीपुळ्याची एक सीट

राहात्याच्या चहापत्तीवाल्यानं तेव्हा दोन कार्डं काढली होती. दर पुड्याला एक शिक्का, कार्ड भरलं की बसची सहल फुकट. एका कार्डावर गणपतीपुळ्याची एक सीट, दुसऱ्यावर नाशिकच्या दोन. मी झटकन गणपतीपुळं उचललं. रांगेतला माझ्या पुढचा फेटेवाला मात्र दोन्ही कार्डं नाकाशी धरून उभाच. शेवटी त्यानं नाशिकचं फेट्यात खोचलं.

"अहो, नाशिक तर इथंच आहे," मी म्हणालो.

"व्हय. पन समुद्र बघून सांगू कुनाला, डायवरला?"

वर्षभर चहा ढोसून मी गणपतीपुळ्याला पोचलो. समुद्र दिसताच "अगं, बघ" म्हणत वळलो, तर शेजारी एक मिशीवाले गृहस्थ केळं सोलत होते. त्यांनी अर्धं मला दिलं.