ट्रिगर, मंजुरी आणि रोवणी

आमच्या घरी वर्तमानपत्र एक यायचं आणि पत्रकं शंभर निघायची. वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते. सकाळी आई केंद्रातून उडून आलेली ओट्यावरची राख पुसायची आणि संध्याकाळी वडील राखेविरुद्धचं पत्रक लिहायचे. कंत्राटी कामगारांचं, पाण्याचं, बसच्या थांब्याचं, सगळ्यांची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात घडी घालून तयार व्हायची. शाळेत बाकीची मुलं पाटीवर कमळ, बदक लिहीत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' लिहिता यायचं, तेही उद्गारचिन्हासकट. दीक्षाभूमीच्या मेळ्यात मी फ्रॉकच्या ओच्यात पत्रकं घेऊन वाटत फिरायचे आणि लोक त्यात भजी गुंडाळायचे. वडील म्हणायचे, भजी खाताना तरी वाचतील.

एवढं सांगायचं कारण, गडचिरोलीत एटापल्लीच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलात मला वर्षभराचं कंत्राट मिळालं तेव्हा मी तिथे नोकरीला गेले नाही, लढायला गेले. काम होतं शाळेच्या प्रशासकीय कामकाजाचं स्वयंचलन. म्हणजे हजेरी, दाखले, परीक्षेचे फॉर्म, रजेचे अर्ज हे सगळं कागदावरून उचलून संगणकात घालायचं आणि तिथून ते आपोआप पुढे सरकेल अशी व्यवस्था करायची. संस्थेनं मला एक लॅपटॉप दिला, शिक्षकांना टॅब्लेट दिले आणि एक प्रशिक्षण पुस्तिका दिली. पुस्तिकेतले शब्द वाचून शिक्षक घाबरले. एका सरांना वाटलं ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, पोलिसांचं काहीतरी असेल. आमच्या भागात असं वाटणं काही चूक नाही.

मग मी मला येत होतं ते केलं. पत्रक काढलं. 'शाळेच्या स्वयंचलनातले कळीचे शब्द', खाली माझं नाव. ऑफिसच्या भिंतीवर डिंकानं चिकटवलं. त्यातले काही अजून पाठ आहेत.

'वर्कफ्लो : अर्ज कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर जाणार याचा ठरलेला रस्ता. हा रस्ता चहाच्या टपरीवरून जात नाही.'

'ट्रिगर : अमुक झालं की तमुक आपोआप होणार. कोणाच्या पाया पडावं लागणार नाही.'

'ऑडिट ट्रेल : कोणी, कधी, काय केलं याची पुसता न येणारी नोंद. ज्यांचा खोडरबर मोठा आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावं.'

'अपवाद : भ्रष्टाचाराचं मागचं दार. आमच्या प्रणालीत हे दार नाही.'

शेवटचे दोन शाळेच्या क्लार्कसाठी होते. सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल लावणारा माणूस. ते चष्मा कपाळावरून खाली आणून पत्रक पूर्ण वाचत उभे राहिले. मग मला विचारलं, "खोडरबर म्हणजे मी काय?"

मी म्हटलं, ज्याला लागू होईल त्याला.

"मले झालं लागू," ते म्हणाले आणि चहाच्या टपरीवर गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'पत्रकवाल्या मॅडम' झाले.

त्यांच्या पेन्सिलीवर माझा राग होता. आमच्या शाळेत पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली की निम्मी मुलं गायब. कोणी स्वतःच्या बांधीत, कोणी आईसोबत मजुरांच्या टोळीत सिंदेवाहीकडे. त्यातच नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांचा दहा-दहा दिवस संपर्क नाही. बाबूजींनी वर्गशिक्षकांना लावून दिलेली पद्धत अशी की, रोवणीच्या दिवसांत गैरहजेरी पेन्सिलीनं मांडायची. पोरगं परत आलं की काय ते ठरवून पेनानं गिरवायचं. नाही आलं तर दिवाळीनंतर बघू. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं. आज पोराची हजेरी पेन्सिलीनं, उद्या कोणाची बढती पेन्सिलीनं, परवा लोकशाही पेन्सिलीनं. नियम एक तर सगळ्यांना सारखा, नाही तर तो नियमच नाही.

म्हणून जूनमध्ये मी ट्रिगर बसवला. सलग तीस दिवस टॅब्लेटवर हजेरी लागली नाही की विद्यार्थ्याचं नाव आपोआप निष्क्रिय यादीत जाणार. तिथून परत आणायचं तर गैरहजेरीचं कारण निवडावं लागणार आणि मग मुख्याध्यापकांची मंजुरी. कारणं मीच चार ठेवली होती : स्थलांतर, विवाह, मृत्यू, शिक्षणात रस नाही. पाचवं घालायचं किंवा नियम बदलायचा तर मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार. स्वतःलाही मी सूट ठेवली नव्हती. कोणी म्हणायला नको की मॅडमनं आपल्या माणसासाठी काही केलं. तेव्हा मला याचा फार अभिमान होता.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, समजूतदार होत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं की तीस दिवस कमी नाही का होत. मी त्यांना समतेवर दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी सही केली, बहुधा मी थांबावं म्हणून.

नोव्हेंबरमध्ये दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. त्याची यादी आमच्या प्रणालीतून आपोआप तयार झाली, ही माझी दुसरी शान. शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नाल्यापलीकडच्या गोंड वस्तीवरची एक मुलगी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दोन फोटो.

"मॅडम, माह्या फॉर्मवर सही घेतली नाई."

मी यादी पाहिली. तिचं नाव नव्हतं. तिला म्हटलं, तू दहावीत आहेस ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दहावीत मी आहे की नाही असा प्रश्न पडावा. ऑगस्टच्या अखेरीपासून ती रोज येत होती. वर्गशिक्षकांना बोलावलं तर ते सांगू लागले की तिचं नाव टॅब्लेटवर दिसत नव्हतं, त्यांना वाटलं नेटवर्कचं असेल, म्हणून ते वहीत मांडत होते. नेटवर्कवर आमच्याकडे काहीही ढकलता येतं.

निष्क्रिय यादी उघडली. ती तिथे होती. जुलैत आईसोबत रोवणीला गेली, परत आली तर नाला भरलेला. तीस दिवस झाले आणि माझा ट्रिगर वेळेवर चालला. कोणाच्या पाया पडावं लागलं नाही.

पाच वाजता फॉर्मची मुदत संपत होती. बाहेरून परीक्षा द्यायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख तर आधीच गेली होती. म्हणजे वर्ष गेलं. मी तिला हे सांगताना फार घोळ घातला. तिनंच ते सरळ केलं. "मंग मी मिरची तोडाले जाईन तेलंगणात," ती म्हणाली. "जानेवारीत टोळी जाते. बाबानं म्हटलंच होतं, पास होशील त शिक, नाई त चाल."

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीखाली यायचं, म्हणून लॅपटॉप घेऊन आम्ही तिथे गेलो. मी, ती आणि बोलावलेलं नसताना बाबूजी. उन्हात स्क्रीन दिसेना, तेव्हा तिनं दप्तर वर धरून सावली केली.

प्रणाली म्हणाली, कारण निवडा.

"स्थलांतर टाका अन् मोकळे व्हा," बाबूजी म्हणाले. मी सांगितलं, तसं टाकलं तर प्रणाली आपोआप दुसऱ्या शाळेचा दाखला मागते. विवाह टाकलं तर बालविवाह म्हणून तालुक्याला कळवते. शिक्षणात रस नाही हे तिच्या नोंदीत कायमचं राहतं, पुढे प्रवेश घेताना तेच पहिलं दिसणार.

मुलगी दप्तराखालून वाचत होती. "त मृत्यू टाका न मॅडम. वापस आली म्हणा."

"ते टाकलं तर तुझ्या बापाच्या मोबाइलवर शोकसंदेश जातो," मी म्हटलं. तो संदेशही मीच लिहिला होता. चांगला लिहिला होता.

बाबूजी इतके हसले की टाकीच्या खांबाला टेकले. "बापरे, काय सिस्टीम बनवली तुमी. मेलेल्याची सोय हाये, लगन झालेल्याची सोय हाये. रोवणीले गेलेल्याची काऊन नाई?"

मी नियमांची चौकट उघडली.

नवीन कारण घालायचं तर मोठ्या बाईंचा ओटीपी हवा. आणि मोठ्या बाई त्या दिवशी गडचिरोलीत होत्या, प्रशिक्षणाला. विषय : शाळांच्या प्रशासकीय कामकाजाचं स्वयंचलन. फोन बंद. तिथे हॉलच्या दारात सगळ्यांचे मोबाइल काढून टोपलीत ठेवले होते, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. अशा वेळी काय करायचं यासाठी माझ्या प्रणालीत एस्कलेशन होतं. मंजुरी अडकली की सात कामकाजाच्या दिवसांनी विनंती आपोआप वर जाणार. घड्याळात साडेतीन वाजले होते.

बाबूजींनी खिशातून बटणांचा मोबाइल काढला. त्यांनी फाइली घेऊन गडचिरोलीच्या इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की त्या हॉलचा चौकीदार, त्याची बायको, त्याचं जावयाशी झालेलं भांडण, सगळं त्यांना माहीत होतं. आधी जावयाची चौकशी झाली. मी घड्याळ दाखवलं, त्यांनी हातानं थांब म्हटलं. मग मुद्द्यावर आले. चौकीदार म्हणाला, टोपली माझ्याच पुढ्यात हाये, फोन चालू करतो, नंबर आला की वाचून सांगतो.

मी नाही म्हटलं. ओटीपी म्हणजे बाईंची संमती, ती चौकीदार कशी देणार?

बाबूजींनी फोनवर हात ठेवला. "मॅडम, या पोरीचं वर्ष चाललं अन् तुमी इथी तत्त्व करून राह्यल्या."

मी तरी नाहीच म्हटलं. अजूनही तेच म्हणेन, पण त्या क्षणी मुलीनं दप्तर धरलेला हात बदलला आणि मला तिच्याकडे बघवलं नाही. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि चौकीदाराला चिठ्ठी सांगितली. एकेक शब्द, कारण तो लिहीत होता. 'मोठ्या बाई, घरी सगळे बरे आहेत. शाळाही जागेवर आहे. फक्त बाहेर या.'

वीस मिनिटांनी बाईंचा फोन आला. पहिला ओटीपी त्या चष्मा शोधेपर्यंत संपला. दुसरा पाठवला. त्यांनी विचारलं, नवीन कारण काय लिहिते आहेस? मी म्हटलं, रोवणी.

"फक्त रोवणी? कौटुंबिक कारण वगैरे लिही, बरं दिसेल."

"ती रोवणीलाच गेली होती, बाई."

"मग रोवणीच लिही," त्या म्हणाल्या आणि आकडे सांगितले.

त्यानंतर प्रणालीनं विचारलं, बदलाचं कारण? ही चौकट मीच सक्तीची केली होती. मी लिहिलं, 'नियम बनवताना शेतीचे महिने विचारात घेतले नाहीत.' पुढे माझं नाव आपोआप लागलं, पुसता न येणारं. बाबूजींनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. समाधान झालं नसावं, कारण पुन्हा वाचलं.

बाईंनी तिसरा ओटीपी सांगून मंजुरीही दिली आणि नाव परत दहावीत आलं. फॉर्म भरला, फोटो चढवला, सही घेतली. चार पंचेचाळीसला पोचपावती आली. ती मुलीला दाखवली. तिनं स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख बोट लावून तपासली, मग उरलेला एक फोटो परत मागून घेतला. आभार वगैरे मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मी लॅपटॉप बंद करणार तोच तिनं विचारलं, त्या यादीत अजून कोण हाये?

मी परत उघडली. सगळ्या वर्गांची मिळून नऊ नावं उरली होती, दहावीचं त्यात कोणी नव्हतं. बाबूजी माझ्या शेजारी सिमेंटच्या कठड्यावर बसले. ती दप्तर तसंच धरून एकेक नाव वाचायला लागली आणि मी लिहायला. हा माह्या गावचा, सव्वा महिनाच घरी होता, मंग येऊन राह्यला रोज. हिची आई बिमार होती, आता येते. हे दोघं भाऊ, चपलांचा जोड एकच दोघांत, म्हणून महिनाभर हा येते, महिनाभर तो, तुमी दोघायले काढलं. बाबूजी मान हलवत होते आणि मी 'रोवणी', 'आजारपण' अशी कारणं घालत चालले होते, प्रत्येकासाठी एक विनंती, मंजुरीला सोमवारी बाई येणारच होत्या.

आठव्या नावावर बोट ठेवून ती थांबली. सातवीतला मुलगा.

"हा खरंच गेला," ती म्हणाली. "आश्रमशाळेत."

मग दाखला मागवायला हवा, स्थलांतर लिहायला हवं, मी म्हटलं.

"लिवा. पण वापस नका आणू त्याले. तिथी अंडं भेटते."