शिट्टी थांबली की उठायचं

वाफमामांनी माझा चेहरा नीट पाहिला असेल का, याबद्दल मला अजून शंका आहे. हळद शिजवायचा बॉयलर घेऊन ते बारा हंगाम आमच्या किन्हीराजा गावच्या शेतात आले आणि बाराही हंगाम माझ्याशी बोलले ते वाफेच्या काट्याकडे बघत. मी उजवीकडे उभा राहिलो तरी काटा, डावीकडे राहिलो तरी काटा. एकदा मी गंमत म्हणून गुपचूप निघून गेलो आणि अर्ध्या तासाने परत आलो. मामा बोलतच होते. "...म्हणून म्हणतो भाऊ, बेणं जपून ठेवा." बेणं जपून ठेवलं.

काट्याच्या काचेवर त्यांनी दोन रेघा मारून घेतल्या होत्या, मामींच्या नेलपॉलिशने. खालच्या रेघेखाली काटा गेला की हळद मधे कच्ची राहते, वरच्या रेघेपुढे गेला की वरून पिठूळ होते आणि बाजारात भाव पडतो. मामांचं सगळं आयुष्य या दोन लाल रेघांमधल्या बोटभर जागेत होतं. काटा उतरला की एक लाकूड आत, चढला की एक बाहेर. कोणी घाई केली की म्हणत, "भाऊ, लाकूड तुमचं, हळद तुमची, पन वाफ माही हाय. थे माह्याच हिशोबानं चालन."

बॉयलरच्या डोक्यावर एक झडप होती. वाफ फार झाली की ती आपोआप उघडून किंचाळायची. गाव तिला शिट्टी म्हणे. शिट्टी वाजली की बाया कानावर हात ठेवत, बैल दावं ओढत, आणि मामा शांतपणे तंबाखू मळत. "वाजू द्या. वाजते म्हंजे जित्ती हाय. थांबली की उठाचं."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. समजलं कोणालाच नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही.

मामांची मुलगी वनिता. दोन स्थळं नुसतं 'बाप भट्टीवर असतो' ऐकूनच परत गेली होती. तिसरं इंझोरीचं आलं, मुलगा मंगेश. वनिताने फोटो बघून मामींना सांगून टाकलं, "हा चालते." आता फक्त बैठक व्हायची होती, आणि पाहुण्यांना सवड मिळाली ती ऐन हळदीत. मामा बॉयलर सोडून घरी जाईनात. मग मी पुढाकार घेतला. मध्यस्थी करायची मला भारी हौस. "पाहुणे शेतातच आणू! निंबाखाली सतरंजी, वरून आलूपोहे!"

पाहुणे आले. मंगेश पांढऱ्याशुभ्र शर्टात, शेजारी त्याची आई, आणि सगळ्यांच्या पुढे त्याचे मोठे काका. काका माजी सरपंच, त्यामुळे बोलायची सवय, ऐकायची नाही. त्यांनी घसा साफ केला, "तर आमच्या घरान्याचं असं हाय—" आणि शिट्टी वाजली. नळीने वाफ सोडून ड्रममध्ये शिजवलेली हळद बाया उपसत होत्या, तिकडे जाणारी वाफ तेवढा वेळ बंद होती, म्हणून ती कोंडून वर निघाली. काका थांबले. पुन्हा म्हणाले, "आमच्या घरान्याचं—" शिट्टी! तिसऱ्यांदा ते उठले आणि बॉयलरकडे जाऊन त्या झडपेवर ठेवायला काहीतरी जड शोधू लागले.

आता खरं सांगतो. वीट मी दिली. यजमान होतो ना मी!

शिट्टी थांबली. काका विजयी चेहऱ्याने वळले, आणि सतरंजीवर बसलेले मामा बंदुकीतून सुटावे तसे उठले. पोह्यांच्या बशा उडाल्या. त्यांनी निखारे ओढायच्या लांब दांड्याने वीट उडवली, वाफ बाहेर सोडायचा कॉक फिरवला आणि ओरडले, "बाया हो, पळा!" मग जळती लाकडं बाहेर ओढू लागले. त्यांच्या शेजारी आणखी एक जण लाकडं ओढत होता. मंगेश. शर्टाचं पोतेरं झालं होतं.

काटा वरच्या रेघेखाली आला तेव्हा मामा काकांकडे वळले. "काहून ठेवली वीट? मराचं हाय काय?"

"अहो, आवाजात बोलता येत नव्हतं!"

"बोलनं उद्या होईन. तुमी उद्या राह्यले त!"

काकांनी टोपी झटकली. "चल रे मंगेश. हे जमत नाही." गाडी गेली. वनिता सांडलेले पोहे गोळा करत होती, मान वर न करता. मामी मात्र भडकल्या. "पोरीचं लग्न वाफेत घातलं तुमी!" मामा पुन्हा काट्याकडे वळले. मीही पोहे गोळा करायला वाकलो. वीट मी दिली, हे मात्र सांगितलं नाही.

तीन दिवस त्या विटेच्या आठवणीने मला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी मंगेश मोटारसायकलवर आईला मागे बसवून थेट शेतात आला. बाई मामांना म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी पाहुन्यायचा मान ठेवला असता, त माह्या पोराले घरी न्याले चार मानसं लागले असते. पोरगी आमाले पसंत हाय. मोठ्या भाऊजीयचं मी पाह्यतो."

लग्न हळद आटोपल्यावरच झालं. आंदण काय द्यायचं विचारलं तर सासरच्यांनी काही नको म्हटलं. वनिता म्हणाली, "बाबा, मले बॉयलर द्या. आमी दोघं चालवतो." मामांनी मान डोलावली. मंगेश ट्रॅक्टर चालवत, मागे आमचा बॉयलर, अशी ती वरात इंझोरीकडे गेली. मी रडलो. मामी रडल्या. मोठे काकाही रडले, धूर नसताना.

मामा भट्टीच्या काळ्या पडलेल्या जागेवर उभे राहिले. मी म्हटलं, "चला मामा, घरी जेवू." बारा हंगामांत त्यांना ताटावर मांडी घालून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरून जाणारी भाजी-भाकरी भट्टीपाशी उभ्यानेच संपायची. त्या दिवशी ते पाटावर बसले, सावकाश एकेक घास चावू लागले, आणि थोड्या वेळाने माझ्या बायकोकडे बघून अगदी नव्यानेच शोध लागल्यासारखे म्हणाले,

"वहिनी, तुमी भाजीत मीठ लय कमी टाकता."